उभ्या गाडीचा ताप

मे महिन्यात वाईहून पसरणीचा घाट चढताना लोकांना खालचं गाव, कृष्णेची रेघ आणि धोमचं पाणी पाहायचं असतं. माझी नजर जाते ती रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीकडे. त्या गाडीभोवतीचे लोक ठरलेले असतात. एकजण हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाशी घुटमळत असतो. दुसरा "उघडू नको, उघडू नको" म्हणत असतो. बायका दरडीच्या सावलीत बसून मोसंबी सोलायला लागलेल्या असतात. बरोबर एखादे आजोबा असले तर ते अगदी निवांत असतात, कारण त्यांच्या काळात घाटात गाडी गरम होणं हा प्रवासाचाच भाग होता. पाचगणीला जाणारा माणूस निघतानाच डिकीत पाण्याचा कॅन टाकायचा. हल्ली अशा गाड्या कमी दिसतात. नव्या गाड्या तापत नाहीत असं नाही, पण आपला ताप त्या झाकल्या बॉनेटखालीच निस्तरतात.

"उघडू नको" म्हणणारा बरोबर असतो. त्या झाकणाखाली प्रेशर कुकरचाच कारभार चाललेला असतो. स्प्रिंगचा दाब पाण्याला उकळू देत नाही. हवेच्या दाबावर आणखी एक पट दाब चढवला, तर पाणी १२० अंशांपर्यंत दम धरतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि इतका वेळ गप्प बसलेलं पाणी एकदम अंगावर येतं. घाटात तर दुहेरी कोंडी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिनाला सर्वांत जास्त राबावं लागतं त्याच वाटेवर पाण्याची सहनशक्ती मीटरामीटराने कमी होत जाते. झाकण धड असेल तर हे जाणवत नाही. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर दांडेघरच्या अलीकडेच जाणवतं.

पण मला खरं कुतूहल आहे ते झाकणाच्या मागे असलेल्या पंख्याचं.

आमच्या लहानपणच्या गाड्यांत, फियाट असो, अँबॅसिडर असो की जीप, पंखा वॉटर पंपाच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेला असे. क्रँकच्या पुलीवरून आलेला पट्टा दोघांना एकदम फिरवी. इंजिन फिरतंय तोवर पंखा फिरणार. पौषातल्या पहाटे, रेडिएटरला हात लावला तर गारठून मागे घ्यावा लागेल अशा वेळीसुद्धा फिरणार. त्याच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. मात्र त्या पंख्याला कळतं ते फक्त इंजिन किती घाईत आहे एवढंच. इंजिन जोरात तर हा जोरात, इंजिन हळू तर हा हळू. अंगात ताप किती आहे, ही चौकशी त्याच्या गावीही नसते.

गाडी पुणे-सातारा रस्त्यावर ऐंशीने पळत असते तेव्हा समोरून घुसणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंखा नसला तरी चालेल अशी ती वेळ. नेमका तेव्हाच हा जिवाच्या आकांताने फिरत असतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, म्हणजे ही नको असलेली चाकरी फुकटही नसते, तिचं पेट्रोल आपण भरत असतो. आणि तीच गाडी वरातीच्या मागे अडकते, टोलच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकते, तेव्हा वारा शून्य, इंजिन मंद आणि म्हणून पंखाही मंद. काटा मात्र हळूहळू उजवीकडे सरकत असतो.

मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन फियाटची पद्मिनी झाली, आणि ती काळ्या-पिवळ्या रंगात २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यावर टिकली. लांब सिग्नलला इंजिन बंद करून दार किंचित उघडं टाकून बसलेला टॅक्सीवाला मला आठवतो. मी तेव्हा समजत असे की तो पेट्रोल वाचवतोय. वाचवत असेलही. पण एक डोळा काट्यावर होता हे आता लक्षात येतं.

म्हणजे चालत्या गाडीला ताप चढत नाही, चढतो तो उभ्या गाडीला. घाटातसुद्धा खरी पंचाईत होते ती पुढच्या ट्रकमागे थबकल्यावर. हे कळलं तेव्हा मला आमचे आबा आठवले. आयुष्यभर रानात राबले, डोक्यावर ऊन घेतलं, कारखान्याच्या गव्हाणीपाशी उसाच्या गाड्यांच्या रांगेत रात्री काढल्या, पण आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. गुडघ्यांनी दगा दिला आणि ते ओट्यावर बसले. मग मात्र दूध उशिरा आलं, पेपर कुणी उलटा घडी केला, शेजारच्याची म्हैस अंगणात आली, प्रत्येक गोष्टीवर भडका. आई म्हणायची, "बसून बसून डोकं फिरलंय ह्यांचं." आम्हाला वाटायचं म्हातारपण. इतकी वर्षं चालण्यातून जो वारा आपोआप लागत होता, तो बंद झाला होता, एवढंच कदाचित असेल. दवाखान्याच्या बाकावर बसलेली, तहसील कचेरीच्या खिडकीपुढे उभी असलेली माणसंही अशीच तापतात. घरी धावपळ करताना तीच माणसं किती शांत असतात.

विजेचा पंखा गाड्यांत आला तो मात्र असल्या चिंतनातून आला नाही. बऱ्याच अंशी तो जागेच्या अडचणीतून आला. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा आपल्या लोकांना तिचं इंजिन आडवं बसवलेलं पाहून नवल वाटलं होतं. इंजिन आडवं झालं की त्याची पुली गाडीच्या कुशीकडे तोंड करते, आणि रेडिएटरला तर वाऱ्याकडे, समोरच पाहिलं पाहिजे. पट्ट्याने पंखा फिरवायची सरळ सोय राहत नाही. मग पंख्याला स्वतःची मोटर द्यायची, तिला बॅटरीचा करंट द्यायचा, आणि कधी फिरायचं हे पाण्यात बुडवलेल्या एका स्विचला ठरवू द्यायचं. अडचणीतून शहाणपण सुचलं, पण सुचलं ते पक्कं. घाई आणि ताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पंख्याला कळू लागलं.

आमच्या दादाकडे एक जुनी जीप आहे. ती विकायची नाही आणि वापरायचीही फारशी नाही, अशा स्थितीत ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये असते. तिला विजेचा पंखा बसवावा ही टूम माझी. दादाचा विरोध होता, आणि त्याचा मुद्दा साधा नव्हता. "पट्टा तुटला तर दिसतो," तो म्हणाला. "हाताने ओढून बघता येतो, चिरा पडल्या तर कळतात. तुझी वायर आतनं तुटली तर तुला काय दिसणार?" मी म्हटलं, "काटा दिसेल." त्यावर तो म्हणाला, "तो काटाबी वायरवरच चालतो न्हवं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही एका सकाळी आम्ही दोघं जीप घेऊन साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढे एका इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. दादा बरोबर आला तो बहुधा माझी फजिती बघायला.

इलेक्ट्रिकवाला तिशीतला. त्याने पहिल्यांदा जुना पंखा काढला, पट्टा मात्र ठेवला, कारण वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर असतात. मग स्क्रॅपमधून आणलेला मोटरचा पंखा रेडिएटरच्या मागच्या अंगाला धरून पाहिला, बॅटरीला दोन तारा नुसत्या टेकवल्या आणि जाळीसमोर कागद धरला. कागद जाळीला चिकटला. तारांची अदलाबदल केली तर मोटर उलटी फिरते आणि कागद दूर उडतो. रेडिएटरच्या मागे बसवलेल्या पंख्याने वारा ओढायला हवा. उलटा लागला तर गाडी पळताना समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच तो भांडत राहील, आणि असा भांडणारा पंखा कित्येक महिने कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण फिरताना तो अगदी कामात असल्याचं दिसतं.

"काका, थर्मोस्विच कशाला?" इलेक्ट्रिकवाला म्हणाला. "डायरेक्ट करून देतो. चावी लावली की पंखा चालू. टेन्शनच न्हाई."

आपल्याकडच्या गॅरेजांतून मी ही सूचना इतक्यांदा ऐकली आहे की मला ती आता आपला राष्ट्रीय स्वभाव वाटते. थर्मोस्टॅट अडकला, काढून टाका. थर्मोस्विच गेला, डायरेक्ट करा. फ्यूज सारखा उडतो, तार लावा. यंत्रात ऐकण्याचं काम करणारा जो भाग असतो तोच आधी उपटला जातो, आणि तो उपटल्यावर यंत्र चालतं, हेच त्यातलं वाईट. चालतं म्हणून कुणी मागे वळून पाहत नाही. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन थंडीत तासभर गारच राहतं आणि पेट्रोल पितं. पंखा डायरेक्ट केला की मोटर दोन वर्षांत म्हातारी होते. मला हा उतावीळपणा आवडत नाही. पण त्यामागचं कारणही कळतं. ज्याला संध्याकाळी भाजीचा टेम्पो मार्केट यार्डात पोचवायचा आहे, त्याला स्विच मिळेपर्यंत थांबायला सवड कुठे असते? आम्हाला सवड होती. म्हणून मी हट्ट धरला, आणि शेजारच्या रेडिएटरवाल्याकडून खालच्या पितळी टाकीला भोक पाडून आट्यांचा नट झाळून घेतला.

त्या नटात जो स्विच बसतो त्याची एक गोष्ट मला फार आवडते. तो ज्या अंशाला लागतो त्याच अंशाला बंद होत नाही. समजा ९२ला लागला तर ८७पर्यंत चालू राहतो. मधले पाच अंश मुद्दाम सोडलेले असतात. ते नसते तर पाणी ९२ला गेलं की पंखा लागणार, एक्क्याण्णव झालं की बंद होणार, पुन्हा लागणार, आणि दिवसभर टकटक करत बसणार. रागावलेल्या माणसाची समजूत काढताना घरातल्या बायका हे पाच अंश बरोबर मोजतात. तो हसला म्हणून लगेच पाठ फिरवत नाहीत, आणखी थोडा वेळ पंखा घालतात.

मग आली रिले. इंच-सव्वा इंचाची काळी चौकोनी डबी. आत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून पाव अँपिअरही वाहत नाही, पण तेवढ्याने लोखंडाची पट्टी ओढली जाते, टक् असा आवाज होतो आणि पलीकडचा जाड मार्ग जोडला जातो. त्या मार्गाने पंख्याचे दहा-पंधरा अँपिअर जातात, सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बरेच जास्त. एवढा करंट पाण्यातल्या त्या इवल्या स्विचमधून नेला असता तर तो जळून गेला असता. ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८३५च्या सुमारास ती शोधली आणि तारायंत्राने ती उचलली. लांबून येताना क्षीण झालेला संदेश एका गुंडाळीला जेमतेम हलवायचा, आणि तिथली ताजी बॅटरी तोच संदेश पूर्ण जोमाने पुढे धाडायची. आमच्या घरात "तार आली" म्हटलं की वाचायच्या आधीच आजी रडायला लागायची. २०१३च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली. तिच्या पोटातली ती टक् मात्र प्रत्येक गाडीत शाबूत आहे.

डबीच्या पायांवर आकडे असतात, ३०, ८५, ८६, ८७. हे जर्मन मानकातले. ३०ला थेट बॅटरी, ८७ पंख्याकडे, ८५ आणि ८६ गुंडाळीचे. आमच्या इलेक्ट्रिकवाल्याने ते कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते, पण डबी न बघता, नुसत्या बोटाने चाचपून तो थिंबल खुपसत होता. बॅटरीपासून वीतभर अंतरावर त्याने फ्यूज घातला. दादाने विचारलं, "पंखा इकडं आणि फ्यूज तिकडं कशाला?" तो म्हणाला, "फ्यूज पंख्यासाठी नसतोय मामा, वायरीसाठी असतोय. वायर कुठं घासून बॉडीला लागली तर आग तिथनं लागती." मला तो काका म्हणत होता आणि दादाला मामा. यातला फरक मी विचारला नाही.

सर्वांत जास्त वेळ त्याने खर्च केला तो अर्थवर. गाडीत लाल तार जाते तेवढीच लोकांना दिसते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, आणि त्या वाटेची काळजी कुणी घेत नाही. त्याने चेसिसवर एका जागी रंग खरवडला, खालचं लोखंड चकचकीत होईपर्यंत पॉलिशपेपर मारला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वर ग्रीस फासलं. शिवाय मोटरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी काळी तार ओढली. अर्थ नीट नसला की करंट घरी परतायला भलत्याच वाटा शोधतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, हॉर्न वाजवला की मागचा दिवा लुकलुकतो. हे सगळे भुताटकीचे प्रकार एका गंजलेल्या बोल्टापाशी संपतात. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी अर्थच्याच असतात. मी ते मोजलेलं नाही, पण त्याच्या हाताचा संथपणा पाहून माझा विश्वास बसला.

ट्रायलला आम्ही यवतेश्वरच्या घाटात गेलो. पहिली जाणवली ती शांतता, म्हणजे जीपच्या मानाने. पट्ट्याच्या पंख्याची घरघर इतकी वर्षं सगळ्यावर पांघरूण घालत होती. ती गेली आणि टॅपेटची टिकटिक, गिअरबॉक्सचं कण्हणं, दाराचा सैल बिजागर, सगळं एकेक करून ऐकू येऊ लागलं. दादा म्हणाला, "आजारी पडली का काय ही?" वर एका वळणावर मुद्दाम गाडी थांबवून इंजिन चालू ठेवलं. काटा सरकला, टक् झालं, पंखा घोंगावला आणि त्याच क्षणी हेडलाइट किंचित मंद झाले. कारण उभ्या गाडीत अल्टरनेटरही मंदच फिरत असतो. जुन्या पंख्याची जी अडचण होती तीच दुसऱ्या दारातून परत आली होती. फरक एवढाच की आता मध्ये बॅटरी होती. पळताना जे साठलं ते थांबल्यावर खर्चायला काढता येत होतं. आबांजवळ असं काय साठलेलं होतं आणि ते आम्हाला कधी का दिसलं नाही, असं मनात येऊन गेलं. दादाला ते मी बोललो नाही.

परत आल्यावर एकच तार कायमची जोडायची राहिली होती, ट्रायलपुरती लावलेली ८६ची. इलेक्ट्रिकवाला म्हणाला, "काका, ही चावीवरनं घेऊ का बॅटरीवरनं?"

चावीवरून घेतली तर इंजिन बंद केल्याबरोबर पंखाही बंद. बॅटरीवरून घेतली तर गाडी बंद करून माणसं घरात गेली तरी पंखा पाहिजे तेवढा वेळ फिरत राहणार. आणि त्याची गरज असते, कारण इंजिन थांबलं की वॉटर पंपही थांबतो, पाणी जागच्या जागी राहतं, आणि तापलेल्या बिडाची धग त्यात उतरत जाते. गाडी सर्वांत जास्त तापते ती कधीकधी बंद केल्यानंतरच्या दहा मिनिटांत. उलट स्विच अडकला तर हाच पंखा रात्रभर चालून सकाळी बॅटरी उतरवून ठेवील.

"चावीवरनं," दादा म्हणाला. "गाडी बंद म्हणजे बंद. मालक उतरल्यावर कोण राबतंय?"

"बॅटरीवरून," मी म्हणालो. "लांबून आल्यावर लगेच गार होता येत नाही, दादा."

"तुला कुठं लांब जायचंय तिला घेऊन?"

इलेक्ट्रिकवाल्याने दोघांकडे पाहिलं, पिवळी तार दोन्हीकडे पोचेल एवढी लांब कापली, तिची टोकं सोलून ठेवली आणि पलीकडच्या टपरीकडे बघून तीन चहा सांगितले. "तुमचं ठरू द्या," तो म्हणाला, "तोवर मी पुढची गाडी घेतो."